जॅकवरून घसरलेली गाडी

मंगळवार, संध्याकाळ

आज सुपे गावातल्या गॅरेजमध्ये मी चक्क भांडले. हे गेल्यापासून पहिल्यांदाच. ब्रेकच्या कामाला दिलेली ह्यांची गाडी जॅकवरून घसरली आणि दार पार चेपलं. वर गॅरेजवाले भोसले म्हणतात, "मॅडम, पत्राच जुना हाय, त्याला आमी काय करनार?"

म्हटलं, "दार धड होतं. तुमच्या ताब्यात असताना चेपलं, मग भरून कोणी द्यायचं?" भोसले पुन्हा पत्र्याकडेच बोट दाखवू लागले. शेवटी त्यांची बायकोच म्हणाली, "आवो, चूक आपली हाय. दार आपनच बदलून द्या."

तिने मला खुर्ची दिली, चहा दिला, ह्यांच्याबद्दल विचारलं. किती दिवसांनी कुणी विचारलं! मी बोलतच राहिले. हे ते दार किती हळू लावायचे, तेही सांगितलं.

निघताना भोसले म्हणाले, "आठवडा लागंल. झाली का घरी आनून देतो, तुमी हेलपाटे घालू नका."

मी घाईने म्हटलं, "नको, काम बघायला मीच येत जाईन."

पत्र्याच्या कामातलं मला काय कळतं? तरी उद्या जाणार आहे.