खरवडलेली ओळ

४ एप्रिल १९९५, मंगळवार

बाबांनी पाकीट टेबलावर ठेवलं. "क्लॅरीचा कागद. खरा आहे एवढं लिहून दे."

"तपासल्याशिवाय?"

"तपास की. पण लिहून दे."

बाबा माजी सैनिकांच्या क्लबचे चिटणीस. दुसरं महायुद्ध संपल्याला पन्नास वर्षं होतायत, म्हणून गावातल्या ज्यांना शौर्यपत्र मिळालं त्यांची नावं फलकावर कोरायची ठरलीयत. अनावरण पंचवीस तारखेला, अँझॅक दिवशी, सगळा ऑस्ट्रेलिया आपल्या सैनिकांना आठवतो त्या दिवशी. गेल्या वर्षी एक जण दुकानातून विकत घेतलेली पदकं छातीवर लावून संचलनात चालला. तेव्हापासून प्रत्येक कागद माझ्या हाताखालून जातो. वीस वर्षं मी हेच जमवतेय. पदकं नाहीत, फक्त कागद. पदक घासलं की सगळं पुसलं जातं. कागदाच्या घड्या राहतात.

क्लॅरीकाका नात्याचे नाहीत, घरोब्याचे; त्यांच्या या कागदाबद्दल लहानपणापासून ऐकलंय. पाहिला आज पहिल्यांदा.

६ एप्रिल

सुरेख कागद आहे! जांभळ्या दिव्याखाली धरला, काळाच राहिला. नंतरच्या काळातला कागद त्या उजेडात निळसर चमकतो. कोपऱ्यात टाचणीचा गंज. ब्रिगेडियरची सही शाईची. माझ्याकडे त्याच्या आणखी दोन आहेत, तोच हात.

मजकूर चार ओळींचा. ९ नोव्हेंबर १९४२, न्यू गिनी. गोळीबार चालू असताना चिखलाची वाट दोनदा उलटी उतरून दोन जखमींना पाठीवर वर आणलं.

वाचून गलबललं. हाच माणूस दर हिवाळ्यात माझ्या आजीची लाकडं फोडून द्यायचा. चहासुद्धा उभ्यानेच प्यायचा.

७ एप्रिल

नंबर चुकलाय.

त्या पावसाळ्यात आमच्या गावची पोरं स्थानिक पलटणीत होती. त्यांच्या नंबराच्या आधी नुसता 'व्ही'. मुख्य सैन्यात गेल्यावर नवा नंबर, 'व्हीएक्स'चा. बाबांच्या शेडमध्ये त्यांच्या थोरल्या भावाची, पर्सीकाकाची, कॅनव्हासची पिशवी अजून टांगलेली आहे, तिच्यावरही 'व्ही'च. दोरीवरच्या उड्या मारताना आम्ही तो नंबर म्हणायचो — व्ही, पाच, एक, आठ, शून्य, चार.

क्लॅरीकाका मुख्य सैन्यात गेले त्रेचाळीसच्या जूनमध्ये. कागद बेचाळीसचा. आणि त्यावर त्यांचा 'व्हीएक्स' नंबर.

सात महिने आधी कुणाला कसा ठाऊक?

९ एप्रिल, रविवार

क्लॅरीकाकांची बायको, आयव्हीकाकू, ईस्टरचे बन घेऊन आल्या. बसल्या नाहीत.

"लॉर्ना, तो जेवत नाहीये गं. मटणाचं ताट तसंच परत येतं. म्हणतो, बाकी कुणालाही दाखवा, वेसच्या मुलीला नको. म्हणजे तुला."

"का?"

"मीही तेच म्हटलं. म्हटलं, तुझ्याच मांडीवर वाढलेली पोर ती. तर उठून शेडमध्ये गेला."

मी कडक आहे असं सगळे म्हणतात. तेवढ्यासाठी असेल. पण वाईट वाटलं.

११ एप्रिल

भिंग आणि बाजूने उजेड. नाव-नंबराच्या ओळीखाली कागदाचे तंतू उभे राहिलेत. तिथे पात्याने खरवडलंय! हलक्या हाताने, निगुतीने. वर नव्याने टंकलिखित केलंय. बाकी कुठे ओरखडा नाही.

म्हणजे कागद खरा. सही खरी. ते दोन जखमीही खरे. नावच तेवढं दुसऱ्याचं.

बदलणाऱ्याने नाव बदललं आणि सवयीने स्वतःचा तेव्हाचा, नवा नंबर टाकला. सैनिकाला स्वतःचा नंबर आठवावा लागत नाही, बोटंच टाकतात. आणि क्लॅरीकाका त्रेचाळीसमध्ये पलटणीच्या कचेरीत कारकून होते.

दिवसभर काही गोड लागलं नाही.

१३ एप्रिल

बाबांना सांगितलं. ओरडतील वाटलं होतं, ते हळू बोलले. ते जास्त वाईट.

"पर्सी बेपत्ता झाल्याची तार आली तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. मागाहून कुणीतरी लिहिलं, शेवटचा दिसला तो रांग सोडून जाताना. गावाने पळपुटा ठरवला. तुझ्या आजीशी बायका चर्चमध्ये बोलेनाशा झाल्या. तेव्हा या घराच्या पायरीवर कोण आलं?"

"क्लॅरीकाका."

"आईला मूठमाती देईपर्यंत येत राहिला. आता तू त्याला सगळ्यांसमोर चोर म्हणणार."

"मी काहीच म्हणणार नाही. पण 'खरा' असं लिहूनही देणार नाही."

"मग खऱ्या माणसाचं नाव आण. नाहीतर गप्प बस. सोमवारी आठ वाजता येतो."

त्यांचा चहा तसाच राहिला. माझ्या भावाला एकदा हाच स्वर ऐकावा लागला होता. दोन वर्षं घरी आला नाही तो.

१५ एप्रिल

म्हातारे लाकडी चेंडू घरंगळवतात त्या बोलिंगच्या हिरवळीवर गेले. क्लॅरीकाका एकटेच चेंडू पुसत होते.

"नंबर बघितलास ना?" मान वर न करताच म्हणाले.

"हो. आणि खरवडलेलंही."

"वाटलंच. तू बारीक बघतेस, लहानपणापासून. माशातले काटे आयव्हीच्या आधी तू काढायचीस."

पुसलेला चेंडू खाली ठेवून त्यांनी दुसरा घेतला.

"घरी येताना हातात काहीतरी हवं होतं, पोरी. मी तिथे जखमी नव्हतो, शूर नव्हतो, कारकून होतो. हे पत्र आलं तेव्हा ज्याचं होतं तो नव्हता. मी खणात टाकलं. एक दिवस खण उघडला."

"कुणाचं होतं?"

"वाचलं नाहीस अजून?"

"नाही."

"मग वाच. टंकलेखन यंत्राच्या कळा जोरात बसायच्या, अक्षरं कागदाच्या मागून उठतात. मी सांगणार नाही. सांगायचं म्हणून किती हिवाळे गेलो, दरवेळी कुऱ्हाडच उचलली. तोंडातून निघतच नाही ते."

त्यांचा हात धरावासा वाटला. धरला नाही. घरी येईपर्यंत त्यांच्या बोलण्यातलं कुऱ्हाडीचं वाक्य टोचत राहिलं, आणि मी विचार त्यापुढे जाऊ दिला नाही.

१७ एप्रिल, सोमवार, सकाळी पावणेआठ

खिडकीतून ऊन आडवं आलंय. कागद पालथा घातला, हातआरसा धरला. जुन्या नावाचे उंचवटे विरलेत. जुना नंबर आहे.

व्ही, पाच, एक, आठ —

पुढचं वाचावं लागलं नाही, दोरीवरच्या उड्यांपासून पाठ आहे.

फाटक वाजलं. बाबा आलेत.