तांबडा डावीकडे, हिरवा उजवीकडे

सुहा वाला,
१९ जून

आदरणीय प्रोस्पेर काका यांस,

दिनकाचा नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? आईने रोजमेरीचं तेल पाठवलं होतं, ते तुम्ही गुडघ्याला चोळता की टोमॅटोवर घालून खाता, हे तिने मुद्दाम विचारायला सांगितलं आहे. (चोळायचं आहे.) दोन्ही शेळ्या ठीक असतील. इकडे सगळ्यांच्या तब्येती चांगल्या आहेत, तब्येतीखेरीज बाकी काहीच चांगलं नाही. तुम्ही फोन उचलत नाही म्हणून हे पत्र. बाबांना ते माहीत नाही. तीन वर्षांपूर्वीच्या त्या बालोतेच्या, म्हणजे गोळे फेकण्याच्या, डावापासून तुम्हा दोघा भावांत बोलणं नाही, त्याबद्दल मी काही लिहिणार नाही. कोणाचा गोळा छोट्या गोळ्याच्या जास्त जवळ होता ते मी टेपने मोजलं, बाबांचा चार मिलिमीटरने जवळ निघाला. मोजणारीचं काम तिथे संपतं.

आता मुद्दा. बंदर कार्यालयाने बाबांना नोटीस दिली आहे: बागेत लावलेले दिवे येत्या गुरुवारपर्यंत काढा, नाहीतर आमचा माणूस येऊन काढेल. बाबांचं उत्तर असं, की माणसाने खुशाल यावं, फक्त समुद्राकडून यावं आणि दिवे बघून काठाला नीट लागावं. दिवे जाऊ नयेत असं मलाही वाटतं. (मी हे भावनेच्या भरात लिहीत नाही. का ते पुढे येईल.)

बाबा मार्चमध्ये फेरीबोटीवरून निवृत्त झाले. चौतीस वर्षं धक्क्यावर दोर फेकलेला माणूस, तो स्वयंपाकघरात येऊन बसला. आई चुलीवर भांडं ठेवायला लागली की हे हाताने खुणा करत, "थोडं डावीकडे. हळू. अजून हळू. हां, लागलं." मासे तळतानासुद्धा. दोन महिन्यांनी आईने मला स्प्लिटला फोन केला. म्हणाली, "तू दिव्यांचीच इंजिनिअर ना? मग या माणसाला बागेत दिवे लावायला दे, नाहीतर मीच याला कुठेतरी नांगरून येते."

मी रीतसर आराखडा केला. अकरा दिवे, बारा व्होल्ट, प्रत्येकी तीन वॉट, पिवळसर उजेड, सगळ्यांची तोंडं खाली. पायऱ्या दिसाव्यात, दिवा दिसू नये, हे त्यातलं तत्त्व. बाबांनी आराखडा शेवटपर्यंत वाचला, चार घड्या घातल्या आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली ठेवला. (टेबल आता स्थिर आहे. कामाचा तेवढा भाग पूर्ण झाला असं म्हणता येईल.)

मी चार दिवस कामासाठी स्प्लिटला गेले. परत आले तेव्हा सगळ्या दिव्यांची तोंडं वर होती. बाबांचं म्हणणं, उजेड जमिनीवर सांडून काय उपयोग, जमीन काय वाचत बसली आहे? त्यामुळे पाइनचं झाड खालपासून शेंड्यापर्यंत उजळलं, आणि पाइनला बांधलेली कपड्यांची दोरीही. संध्याकाळची फेरीबोट समोरून जाताना वेग कमी करायला लागली. का ते तिसऱ्या दिवशी कळलं, कारण वारा आमच्या दिशेने होता आणि बाबांचे जुने सहकारी भोंग्यावरून प्रवाशांना सांगत होते, "उजव्या हाताला पाइनचा वृक्ष आणि आमच्या बार्तुलची पट्ट्यापट्ट्यांची चड्डी." बाबा दोन दिवस बागेत फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी दुसरी चड्डी वाळत घातली, नवी.

मग शेजारच्या पेरिनाकाकू पवित्र पाण्याची बाटली घेऊन आल्या. त्यांच्या भिंतीपाशी प्लास्टरचे संत निकोला आहेत, त्यांच्यावर आमच्या अंजिराची सावली पडत होती.

"बार्तुल, संताला शिंगं फुटली आहेत आणि तू बसून वायर सोलतोस?"

"शिंगं नाहीत, अंजिराच्या फांद्या आहेत."

"मग त्या संताच्या डोक्यातून का उगवतात?"

"ते काकू तुमच्या संतालाच विचारा. माझा असता तर मी विचारलं असतं."

मी दिवा चाळीस सेंटिमीटर सरकवला. आता एकच शिंग दिसतं, आणि काकूंच्या मते ते लांबून टोपीसारखं वाटतं. बाटली मात्र त्या आमच्याकडेच ठेवून गेल्या.

इथवर ठीक होतं. पण बागेच्या पायऱ्या जिथे पाण्यात उतरतात, तिथल्या दोन खांबांवर बाबांनी फेरीबोटीच्या भंगारातले दोन दिवे लावले. समुद्राकडून येताना तांबडा डावीकडे, हिरवा उजवीकडे. घराला दार असतं तसं बागेलाही असावं, आणि दार ओळखू यावं, एवढंच त्यांचं म्हणणं. आता तांबडा आणि हिरवा म्हटलं की बंदराचं तोंड, हे भाड्याची बोट चालवणारा नवशिकासुद्धा जाणतो. किंबहुना तेवढंच जाणतो. पहिल्याच आठवड्यात एक चेक कुटुंब शिडाची बोट घेऊन सरळ आमच्या टोमॅटोंपाशी आलं. नवऱ्याने दोर फेकला, बाबांनी डोक्यावर टोपी चढवून तो झेलला, बायकोने आईकडे मेन्यू मागितला. आईने मेन्यू दिला नाही, सार्डिन मासे दिले. जेवण झाल्यावर त्यांनी अंघोळीची सोय कुठे आहे ते विचारलं. आजवर अशा चार बोटी लागल्या आहेत, आणि बाबा आईच्या भांड्यांकडे ढुंकूनही बघत नाहीत. मी दिवे का राखू बघते ते आता तुमच्या ध्यानात आलं असेल. पण चौथी बोट गाळात रुतली, ती ओढायला बंदराचीच लाँच लागली, आणि त्याच सुमारास कार्यालयात कोणाचा तरी तक्रारअर्जही पोचला.

असो. फार लिहिलं. शेळ्यांची काळजी घ्या, गुडघ्याचीही.

तुमची पुतणी,
दिनका

ता. क. बंदराचा अधिकारी भला माणूस आहे. त्याने मला तो अर्ज वाचू दिला, नावावर मात्र अंगठा ठेवला. अर्जात लिहिलं आहे, की रोज रात्री आठ ते अकरा तांबडा आणि हिरवा दोन्ही एकाच वेळी डोळ्यांत येतात. मी मोजणी केली. तांबड्याच्या आड पाइनचं खोड येतं आणि हिरव्याच्या आड होडीची खोप. दोन्ही एकत्र फक्त चार अंशांच्या पट्ट्यात दिसतात. बोट तो पट्टा दोन मिनिटांत ओलांडते, तीन तास त्यात थांबत नाही. समोरच्या बेटावर त्या पट्ट्यात सगळा खडक आहे आणि एकच गच्ची. तुमची.

ता. क. २. तीसुद्धा सगळी नाही. तुम्ही नेहमी दाराजवळ बसता, तिथून तांबडा दिसत नाही. दोन्ही बघायचे तर खुर्ची पाण्याच्या टाकीपाशी न्यावी लागते. हे मी कोणाला बोललेले नाही. बाबा रोज आठच्या ठोक्याला बटण दाबतात आणि हवा बघतो म्हणून अकरापर्यंत तुमच्या डोंगराकडे तोंड करून बसतात. त्या दिशेने हवा येत नाही.

ता. क. ३. तेव्हा विनंती अशी. अधिकारी म्हणतो, अर्ज मागे घेतला आणि पाण्यावरून दिवे दिसेनासे झाले, तर प्रकरण मिटलं. मी दोन्ही दिव्यांना पत्र्याच्या टोप्या केल्या आहेत. त्यांना वरच्या बाजूला अर्ध्या अंशाची फट आहे. उजेड बोटींच्या डोक्यावरून जाईल आणि तुमच्यापर्यंत पोचेपर्यंत आठ मीटरचा होईल. बुधवारपर्यंत अर्ज मागे घ्या, आणि खुर्ची टाकीपाशीच राहू द्या.