बाळासाहेबांच्या कमरेचं निकेल

न्यू लिन, ऑकलंड
ऑगस्ट २०१४ (तुमच्याकडे श्रावण, आमच्याकडे हाडं गोठवणारी थंडी)

चि. बाळासाहेब यास,

आक्काचे पोटभर आशीर्वाद. सत्तरी आली तरी तू माझ्या लेखी चिरंजीवच, त्याला तुझ्या मिशीचा इलाज नाही. आम्ही सगळे खुशाल आहोत, माझे गुडघे सोडून. ते हल्ली वेगळे राहतात. तुझी शुगर, तुझा खोकला आणि तुझ्या कोंबड्या यांची खुशाली कळव. (तू कोंबड्यांपासूनच सुरू करणार, मला ठाऊक आहे.) मला अक्षर नाही, तोंड आहे, म्हणून मी बोलते आणि सुनीती लिहिते. (सूनबाई, हेही लिही. मला कागद वाचता येत नाही, पण तुझा चेहरा वाचता येतो.) फोन का नाही केला म्हणशील, तर फोनवर तुला अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं तू ऐकत नाहीस.

तर तुझं काम. तू प्रमोदला विचारलंस की कोंबड्या चोरीला जातात म्हणून मामाला परवाना मिळाला, कऱ्हाडच्या दुकानदाराने एक काळं आणि एक निकेल केलेलं चकचकीत रिव्हॉल्वर दाखवलं, रोज कमरेला लावायचं आणि अधूनमधून रेंजवर जाऊन चार गोळ्याही झाडायच्या, तर निकेलचं घेऊ का? भाचा इथल्या पिस्तूल क्लबात जातो म्हणून तुला वाटलं तो कोतवाल झाला. अरे, इथे कमरेला लावून फिरायची सोयच नाही. पेटीत घाल, कुलूप लाव, क्लबात ने, पुठ्ठ्याला भोकं पाड, पुन्हा कुलपात घाल, घरी आण. (एवढी निगा त्याने माझ्या चष्म्याची घेतली असती तर तो कारच्या सीटखाली सापडला नसता.) तरी मामाचा शब्द म्हणून तो शनिवारी बंदुकांच्या दुकानात निघाला, आणि घरात बसून मी भिंतीशी किती बोलणार, म्हणून मीही शाल गुंडाळून गाडीत बसले.

दुकानदार गोरा म्हातारा, हाताला तेलाचा वास, कानात केस. "कीया ओरा" (हा इथला रामराम) म्हणून त्याने मला खुर्ची दिली आणि प्रमोदला विचारलं, आईसाहेबांसाठी पाहताय का? मी म्हटलं, "नो. ब्रदर. हेन थीफ." त्याला वाटलं माझा भाऊच कोंबडीचोर. प्रमोदने घाम पुसत खुलासा केला, तेव्हा तो हसून "स्वीट अ‍ॅज" म्हणाला. मी पेढ्याची वाट पाहत राहिले. मग कळलं की इथे "ठीक आहे"ला असं म्हणतात.

त्याने काचेखालून निकेलचं एक काढलं, रिकामं आहे हे दोनदा दाखवलं आणि माझ्या हातात दिलं. बाळ, देखणं रे! लग्नातल्या नव्या तांब्यासारखं लखलखीत, आणि वजन खलबत्त्यातल्या बत्त्याएवढं. तुला ते का भावलं ते मला तिथेच कळलं; सायकलच्या घंटीचं निकेल उडालं तेव्हा तू दोन वेळा जेवला नव्हतास. पण म्हातारा म्हणाला, निकेल म्हणजे वरचा लेप. कातड्याच्या कव्हरात रोज आत-बाहेर केलं की तोंडाशी आणि कडांना घासतं, आणि एकदा टवका उडाला की उडतच जातो. साफ करायचं औषधही जपून. लेपाखाली तांब्याचा थर असला, तर अमोनियाचं औषध आत शिरून वरचं निकेल सोलून काढतं. मी म्हटलं, म्हणजे कल्हईच की! मग प्रमोदकडून विचारून घेतलं, मालक पोल्ट्रीवाला असेल तर? म्हाताऱ्याने डोळे मिटले. कोंबडखताचा जो वास तुझ्या धोतरालाही असतो, तोच म्हणे अमोनिया. तेव्हा निकेल दाखवायला, काळं घामाने गंजायला, आणि रोज वापरायला स्टेनलेस स्टीलचं. घासलं तरी आतून तेच निघतं. (माणसांतही तेच बघावं, पण आपल्या घराण्यात लेपालाच मान.)

आता खरं सांग, तू झाडणार आहेस? लवंगी फटाका लावायला उदबत्ती बांबूला बांधणारा तू! तुझी लीला घरात होती तेव्हा चोर सोड, पोस्टमनसुद्धा फाटकातून हाक मारून मगच आत यायचा. ती गेली आणि तुला कमरेला काहीतरी हवंसं वाटायला लागलं. मला का हसू येत नाही ते मी सांगत नाही. इथे सगळं आहे. गरम पाणी नळाला, मेथी दुकानात, नातीचं "लव्ह यू आजी" दारातून जाता जाता. पण दुपारी चारला कुणी "आक्का, चहा टाकलास का?" म्हणून ओट्याशी येऊन बसत नाही. भाऊबीजेला भाऊ जवळ नाही म्हणून मी अंगणात पाट मांडून चंद्राला ओवाळते. बाळ, इथला चंद्रही उलटा रे. कोर पलीकडच्या कुशीवर निजलेली. ओवाळताना कळेना, ह्याचं तोंड कुठल्या बाजूला आणि कुंकू लावायचं कुठे. शेवटी डोळे मिटले आणि तुझं टक्कल आठवून ओवाळलं.

तब्येतीला जप. खोकल्याला अडुळसा घे.

तुझी
आक्का

ता. क. प्रमोद म्हणतो, स्टीलचंच घ्या, मूठ रबराची घ्या आणि दुकानदाराच्या गोड बोलण्यावर जाऊ नका.

ता. क. दुसरा. अक्षर बदललेलं दिसेल. सुनीती बाजारात गेली आहे, आणि आमच्या खालच्या खोलीत भाड्याने राहणारी सलोनी लिहिते आहे. वरचं सगळं विसर. रिव्हॉल्वर घेऊच नकोस, ना निकेलचं ना स्टीलचं. प्रमोदला चिठ्ठी लिही की मामाला घरात एकट्याला भीती वाटते, आक्काला पाठव. मी जाते म्हटलं की तो म्हणतो, "आई, तिथे तुझं कोण करणार?" पण मामाला माणूस हवं म्हटलं तर स्वतः विमानात बसवून देईल. तुला लाज वाटेल, तर वाटू दे. पण कमरेला रिव्हॉल्वर लावलेल्या माणसाची भीती खरी कोण मानेल? म्हणून आधी घाबर. मी आले की मग काय घ्यायचं ते घे.

ता. क. तिसरा. मामा, साष्टांग नमस्कार. पाकिटं मीच चिकटवते, त्यामुळे वाचलं. आईंना सांगितलेलं नाही. तुमची चिठ्ठी लवकर येऊ द्या, ह्यांचं मी बघते. फक्त भीती बेताची लिहा. फार घाबरलात तर त्या तिथेच राहतील, आणि आम्हाला त्या परत हव्या आहेत. — सुनीती