मशीनमधली चिठ्ठी

१२ जुलै

ति. ताईस,

नमस्कार. तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहितो. आम्ही बरे आहोत. बाबांचा पलंग अजून हलवलेला नाही. त्यांचे तीन चष्मे निघाले, त्यातला एक तुझ्यासाठी बाजूला ठेवलाय.

बाबांच्या तेराव्याला त्यांच्या कॉम्प्युटरवर फोटो शोधताना तुला पानोपानी वृद्धाश्रमांच्या जाहिराती दिसल्या आणि तू माझ्या बायकोकडे पाहिलंस. मी म्हणालो, "आजारपणात महिनाभर तूच तर इथे होतीस." तू बॅग उचललीस. तेव्हापासून हिला तुझा संशय, तुला हिचा. मी दोघींना तसंच वाटू दिलं.

काल दुरुस्तीवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, "साहेब, या कुकीज. आपण साइटवर गेलो की ती आपल्या मशीनमध्ये एक चिठ्ठी ठेवते. पुढच्या वेळी चिठ्ठी बघून ओळखते, हा गडी मागे येऊन गेलाय. जाहिरातवालेही अशाच चिठ्ठ्या ठेवतात."

मी विचारलं, हिस्ट्री पुसली तरी? तो हसला. म्हणाला, हिस्ट्री वेगळी, चिठ्ठी वेगळी, बरेच जण तिथेच फसतात. चिठ्ठीवर तारीखही होती. चार फेब्रुवारी. तू आलीस मे महिन्यात.

हिस्ट्रीचं मी का विचारलं, ते तुझ्या लक्षात आलं असेल.

चार फेब्रुवारीला ही बाबांना रक्त तपासायला घेऊन गेली होती. मी घरी एकटा होतो. कॉम्प्युटरवर वृद्धाश्रमांची तीन ठिकाणं पाहिली. नुसती पाहिली, ताई. मग हिस्ट्री पुसली आणि चहा ठेवला.

त्यानंतर तीन महिने बाबा त्याच कॉम्प्युटरवर रोज पेपर वाचत होते. एकदा त्यांनी विचारलंही, "हे सारखं एकच काय दाखवतं रे?" मी म्हणालो, जाहिराती काय, सगळ्यांनाच दिसतात. तेव्हा ते माझ्याकडे बघत होते की पडद्याकडे, हे काही केल्या आठवत नाही.

दुरुस्तीवाला गेल्यावर मी त्यातली एक जाहिरात उघडली. साइटने ओळखलं आणि अर्धवट भरलेला अर्ज समोर आणला. तो मी भरलेला नाही. नाव बाबांचं. वय, औषधं, सगळं नीट लिहिलेलं. मुलाचा फोन नंबर, ती जागा कोरी. शेवटी विचारलं होतं, येण्याचं कारण. बाबांनी लिहिलं होतं, "मुलगा भिडस्त आहे. स्वतः म्हणणार नाही."

मी तो अर्ज पुसलेला नाही. तू येऊन वाचेपर्यंत पुसणार नाही. हिला आज संध्याकाळी सांगतो.

तुझ्यावर ढकलून मोकळा होऊ पाहणारा,
तुझा धाकटा भाऊ