जबरदस्तीने जोडलेलं मॉड्यूल

सर, त्या दुपारी विद्यापीठातल्या आपल्या विभागातल्या संगणकांपैकी मोठं मशीन मी बंद पाडलं होतं. हे तुम्हाला ठाऊक होतं. तुम्हाला ठाऊक आहे हे मलाही कळलं होतं, कारण रूटचा, म्हणजे मशीनवर काहीही करू देणारा, पासवर्ड आपल्या दोघांकडेच होता आणि तुम्ही तेव्हा दुर्गाघाटला घरी जेवायला गेला होता. तरी पुढे वर्षभर आपण रोज भेटलो, आणि मी एका शब्दाने काही बोलले नाही.

मी तेव्हा नुकतीच विभागात तात्पुरत्या नोकरीवर लागले होते. बनारसमध्ये घराबाहेर मराठीत बोलायला मिळायचं ते फक्त तुमच्याशी, तेही निम्मं हिंदीच. लिनक्स ही संगणकप्रणाली तेव्हा नवीन होती. त्याच्या गाभ्याला, कर्नेलला, चालू असतानाच बाहेरून एक छोटा तुकडा, मॉड्यूल, जोडता येतो, हे तुम्ही पहिल्यांदा सांगितलंत तेव्हा मला खरंच वाटलं नव्हतं. मग तुम्ही कुठून तरी मिळवलेल्या मजकुराच्या झेरॉक्स काढून, शिवून आणून दिल्यात. वर तुमच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘आधी वाच, मग चालव.’ त्यातलं पहिलं उदाहरण दहा-बारा ओळींचं: मॉड्यूल आत गेलं की पडद्यावर एक ओळ छापतं, बाहेर काढलं की दुसरी. कोपऱ्यातल्या जुन्या मशीनवर ते मी चालवलं तेव्हा तुम्ही मागे उभे होता आणि माझ्याइतकेच खूश झाला होता.

त्याच जुन्या मशीनवर महिनाभराने तुम्ही मला रागावलात. दुसऱ्या कर्नेलसाठी तयार केलेलं मॉड्यूल मी घालू पाहत होते. आवृत्ती जुळत नाही म्हणून मशीन नकार देत होतं, आणि मी जबरदस्तीने घालायचा पर्याय वापरला. मशीन जागीच गोठलं. सगळ्यांसमोर तुम्ही म्हणालात, ‘ते नाही म्हणतंय ना, मग का नाही म्हणतंय ते बघ. जोर कशाला दाखवतेस? इथे ठीक आहे, इथे कुणाचं काही जाणार नाही.’ मला रडू आलं होतं. पण खरं सांगते, चूक पटून नाही, अपमान झाला म्हणून.

आणि मग ती दुपार. जुनं मशीन उघडून ठेवलेलं आहे, त्याची डिस्क बदलायची आहे. माझ्याकडे पुढचं उदाहरण तयार आहे, आणि तुम्ही जेवून परत यायच्या आत ते चालवून दाखवायचं असं माझ्या डोक्यात बसलं आहे. मोठ्या मशीनवर एका संशोधक विद्यार्थ्याचं गणित नऊ दिवस चालू आहे. तसा कागदच पडद्यावर चिकटवलेला आहे, ‘कृपया बंद न करें’. मी तो वाचते. जुन्या मशीनवर तयार केलेलं मॉड्यूल फ्लॉपीवरून उतरवते. आवृत्ती जुळत नाही. मी जबरदस्तीचा तोच पर्याय पुन्हा लावते. कर्सर लुकलुकायचा थांबतो. मी बटण दाबून मशीन पुन्हा सुरू केलं, फ्लॉपी पर्समध्ये टाकली आणि ग्रंथालयात जाऊन बसले.

परत आले तेव्हा विभागप्रमुख विचारत होते, ‘किसने किया ये?’ तो विद्यार्थी खुर्चीवर नुसता बसला होता. त्याच्या नऊ दिवसांच्या कामातलं काहीच उरलं नव्हतं. तुम्ही पडद्यावर मशीनची नोंदवही उघडून वाचत होता. माझ्या मॉड्यूलचं नाव तिथे असणार. तुम्ही ती बंद केलीत, माझ्याकडे पाहिलं नाहीत आणि म्हणालात, ‘हमसे हुआ. कुछ टेस्ट कर रहे थे.’ त्या विद्यार्थ्याची प्रबंधाची मुदत हुकली, त्याचं वर्ष गेलं. तो तुमच्याशी पुन्हा बोलला नाही.

चार दिवसांनी मी तुमच्या घरी आले. मैदागिनला रिक्षा सोडून गल्ल्यांतून चालताना वाक्य पाठ करत होते. काकूंनी स्वयंपाकघरातच पाट मांडला, साबुदाण्याची खिचडी वाढली, म्हणाल्या, ‘आजकल हे घरी पण गप्प गप्प असतात, तूच विचार.’ तुम्ही समोर बसला होता. काकू दही आणायला उठल्या तेव्हा तुम्ही हळूच विचारलंत, ‘काही सांगायचं होतं का?’

मी म्हणाले, ‘नाही सर. सहज आले होते.’

तुम्ही ताटली माझ्याकडे सरकवलीत. मग म्हणालात, ‘बरं. खिचडी गार होते आहे.’

महिन्याभरात लॅब तुमच्याकडून काढून माझ्याकडे दिली. मी ती घेतली. तुम्ही तीन दिवस माझ्याशेजारी बसून सगळं समजावलंत, कुठली तार सैल आहे तेसुद्धा. मग तुम्ही वेळापत्रकं करू लागलात. पुढच्या वर्षी दिवाळीनंतर तुम्हाला कावीळ झाली, आणि पंधरा दिवसांत तुम्ही गेलात.

त्या विद्यार्थ्याला मी शोधू शकले असते. आजही शोधता येईल. मी आता मुलांना मॉड्यूल तयार करायला शिकवते आणि आवृत्तीच्या नकाराशी आले की ही हकीकत सांगते, पण माझ्या ओळखीच्या एका मुलीची म्हणून. मुलं हसतात. मीही हसते.

हे पत्र कुणाला पाठवायचं? काकू राहिल्या नाहीत, आणि तुमच्या मुलाला मशीन बंद पाडल्याचं तुम्ही स्वतःवर घेतलं होतं हेही माहीत नसेल. एवढं लिहिलंच आहे तर हेही लिहिते. तुमच्या तेराव्याला काकूंनी मुद्दाम बोलावलं होतं. मला ताप आहे असा निरोप मी पाठवला. ताप नव्हता, सर.