दादाची खुर्ची

नाशिक, रविवार, १७ जुलै १९८३

सासरची पहिली संध्याकाळ. मंडपात बोलले त्याचा पश्चात्ताप नाही!

दादा मस्कतहून निघाला खरा, पण पावसामुळे विमान मुंबईत उतरलंच नाही, अहमदाबादला नेलं. काल रात्री शेजारच्या डॉक्टरांकडे त्याचा फोन आला. "मिळेल त्या एसटीने येतो. थांबाल ना?"

मंडपात पहिल्या रांगेत त्याची खुर्ची रिकामी. अकरा वाजले तसे नवऱ्याचे काका पत्रिका नाचवायला लागले. "अकराची वेळ छापलीय. टळली तर अशुभ!"

अशुभ? आपण बौद्ध ना? मुहूर्त मानत नाही म्हणून तर दादाच्या रजेत, भर आषाढात लग्न ठरलं! मी सरळ म्हटलं, "काका, ती खुर्ची भरल्याशिवाय मी उभी राहणार नाही." आई रडवेली. नवरदेवाने (आता 'हे' म्हणायचं का?) मनगटावरचं घड्याळ काढून मुकाट्याने खिशात टाकलं.

चार वाजता दादा आला. बुटांत पाणी, डोळे लाल. त्या खुर्चीत टेकला आणि हळूच म्हणाला, "फार उशीर केला ना गं?"

"नाही," मी काकांकडे बघत म्हटलं, "आत्ताच अकरा वाजले."