पाखाडीवरचं फाटक

१२ नोव्हेंबर १९९४, लखनौ

बरेच दिवस लिहिलं नाही, चूकच. आज मात्र राहवत नाही. आलमबागच्या बूथवरून रत्नागिरीला फोन केला. टेकडी उतरायची आमची पाखाडी शेजाऱ्यांच्या अंगणातून जाते. त्या पायऱ्यांवरून सगळी आळी जाते, कोणी कोणाला विचारत नाही. तिथे आता शेजाऱ्यांचं कुलूपबंद फाटक! आणि माझ्या सख्ख्या भावाने, विनूने, त्याला होकार दिला. बदल्यात खाली त्याची स्कूटर लावायला जागा.

"आईला रिक्षा आहे ना," म्हणाला.

रिक्षावाले तो चढ बघून खालीच उतरवतात, हे त्याला माहीत नाही?

"दादा, तुझं काय जातं! तिकडे सगळं सपाट."

खरंय, इथे बसून रागावणं सोपं. पण फाटक? रोज मासळीबाजार गाठणारी आई म्हणते, "मला आता कुठे जायचंय?"

सोमवारी साहेबांकडे रजा मागायची.